गर्भारपणातील लेप्टिन आणि त्याचे ग्राही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेप्टिनविषयी इंदूरमधील मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत दिवस गेलेल्या महिला आहेत, त्यांच्या आया आणि सासवा आहेत, प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत आणि महू-देपालपूरकडे गोठा चालवणारी मंडळीही आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. जेथे एकच मुद्दा दोन प्रश्नांत येतो, तेथे तो एकदाच सांगून दुसरीकडे त्याचा निर्देश केला आहे. येथील माहिती शरीरक्रिया समजून घेण्यासाठी आहे. उपचाराचा निर्णय आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी किंवा पशुवैद्यांनीच घ्यायचा आहे.

लेप्टिन म्हणजे नेमके काय आणि ते शरीरात कुठे तयार होते?

लेप्टिन हे १४६ अमिनो आम्लांचे एक प्रथिन-संप्रेरक आहे आणि ते मुख्यतः चरबीच्या पेशींत तयार होते. शरीरात चरबीचा साठा जितका अधिक, तितके रक्तातील लेप्टिन साधारणपणे अधिक असते, आणि मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला साठ्याची खबर त्यावरून मिळते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ साली त्याचे जनुक शोधून काढले. सुरुवातीला त्याच्याकडे केवळ भूक आवरणारे संप्रेरक म्हणून पाहिले गेले, परंतु पुढच्या दोन-तीन वर्षांतच ते जननक्षमतेशी आणि गर्भारपणाशीही जोडलेले असल्याचे दिसून आले. समान वजनाच्या स्त्री-पुरुषांत स्त्रियांच्या रक्तात लेप्टिन अधिक असते. गर्भारपणात चरबीखेरीज आणखी एक अवयव ते बनवू लागतो. तो म्हणजे वार.

ग्राही म्हणजे काय, आणि एकाच लेप्टिनला इतक्या प्रकारचे ग्राही का लागतात?

संप्रेरक रक्तातून सगळीकडे फिरते, पण ज्या पेशीवर त्याला धरणारे प्रथिन असते तीच पेशी त्याला प्रतिसाद देते. या धरणाऱ्या प्रथिनाला ग्राही म्हणतात. लेप्टिनच्या ग्राहीचे जनुक १९९५ साली सापडले. माणसात ते पहिल्या गुणसूत्रावर आहे, तर लेप्टिनचे स्वतःचे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे.

हे ग्राही-जनुक एकच असले तरी त्याच्यापासून ग्राहीची अनेक रूपे तयार होतात. पेशीबाहेरचा, लेप्टिनला धरणारा भाग सर्व रूपांत सारखाच असतो, फरक असतो तो पेशीच्या आत शिरलेल्या शेपटाच्या लांबीत. लांब रूपाचे शेपूट सुमारे ३०० अमिनो आम्लांचे असते आणि जॅक-२ व स्टॅट-३ या प्रथिनांमार्फत पूर्ण संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत तेच पोहोचवते. हायपोथॅलॅमसमध्ये हे रूप विपुल आढळते. आखूड रूपांचे शेपूट तीसएक अमिनो आम्लांचे असते; त्यांची संदेश देण्याची क्षमता मर्यादित असते आणि ती वार, फुप्फुस, मूत्रपिंड अशा अनेक ठिकाणी सापडतात. तिसरे रूप विद्राव्य आहे. ते पेशीला चिकटलेले नसते, रक्तातच तरंगते आणि लेप्टिनला तेथेच बांधून ठेवते. उंदरात हे विद्राव्य रूप जनुकाच्या संदेशाची वेगळी जुळणी होऊन थेट तयार होते, तर माणसात पेशीवरच्या ग्राहीचा बाहेरचा भाग कापला जाऊन ते रक्तात येते. हा बारकावा वाटतो तितका किरकोळ नाही. उंदरिणीचे गर्भारपण आणि बाईचे गर्भारपण यांतील मोठा फरक समजून घेताना तो पुन्हा उपयोगी पडेल.

गर्भारपणात लेप्टिन किती वाढते आणि कधी?

स्त्रियांमध्ये ही वाढ पहिल्या तिमाहीतच सुरू होते, म्हणजे पोट दिसू लागण्याच्या आणि वजन फारसे वाढण्याच्या आधी. दुसऱ्या तिमाहीच्या शेवटी किंवा तिसरीच्या आरंभी ती शिखरावर पोहोचते आणि तेव्हाची पातळी गर्भारपणापूर्वीच्या साधारण दोन ते तीन पट असते. बाळंतपणानंतर मात्र ती एका दिवसाच्या आत झपाट्याने उतरते. लेप्टिन रक्तात फार काळ टिकत नाही, त्याचे अर्धे प्रमाण सुमारे २५ मिनिटांत नाहीसे होते. त्यामुळे ते बनवणारी वार बाहेर पडली की त्याचा परिणाम लगेच दिसतो. आईची चरबी तर त्या एका दिवसात कमी झालेली नसते. म्हणूनच वाढलेल्या लेप्टिनमध्ये वारेचा वाटा मोठा असला पाहिजे, हा निष्कर्ष या उतारावरून बळकट झाला.

आधीपासून वजन जास्त असलेल्या स्त्रियांत सुरुवातीची पातळीच उंच असते आणि त्या मानाने गर्भारपणातील वाढ कमी भरते. त्यामुळे "दोन ते तीन पट" हा आकडा प्रत्येकीला लावू नये.

वार लेप्टिन बनवते, तर ते बाळाकडे जाते का?

अगदी थोडे. मानवी वारेच्या पृष्ठभागावर पेशी एकमेकींत विलीन होऊन बनलेला एक अखंड थर असतो. तोच थर आईच्या रक्तात बुडालेला असतो आणि लेप्टिन प्रामुख्याने तेथेच तयार होते. प्रसूतीनंतर लगेच वार घेऊन तिच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांतून द्रव खेळवण्याचे प्रयोग झाले, तेव्हा बाहेर पडलेल्या लेप्टिनपैकी बहुतांश आईच्या बाजूला सापडले. बाळाच्या नाळेतील लेप्टिन मुख्यतः बाळाच्या स्वतःच्या चरबीतून आलेले असते. त्याविषयी पुढे "बाळाचे वजन" या प्रश्नात लिहिले आहे.

वारेला लेप्टिन बनवण्याची ही क्षमता कुठून आली, हेही सांगण्यासारखे आहे. मानवी लेप्टिन-जनुकाच्या वरच्या अंगाला डीएनएचा एक पुनरावृत्त तुकडा आहे. तो प्राचीन काळी विषाणूसदृश घटकांपासून आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात शिरला, आणि वारेच्या पेशींत हे जनुक चालू करणारी कळ आता त्याच्यातच आहे. म्हणजे चरबीत आणि वारेत जनुक एकच असले, तरी ते चालू करणाऱ्या कळी वेगळ्या आहेत. ज्या सस्तन प्राण्यांकडे हा तुकडा नाही, त्यांच्या वारेकडून माणसासारख्या वर्तनाची अपेक्षा धरता येत नाही.

लेप्टिन भूक कमी करते, तर मग दिवस गेल्यावर भूक वाढते कशी?

हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा येतो आणि तो अगदी रास्त आहे. रक्तात लेप्टिन दुपटी-तिपटीने वाढलेले असताना भूक मंदावायला हवी. प्रत्यक्षात बाई नेहमीपेक्षा अधिक खाते आणि तिने तसे खाणे गरजेचेही असते. याचे उत्तर लेप्टिनमध्ये मिळत नाही, त्याच्या ग्राहीत मिळते.

या विषयावरचे सर्वांत बारकाईचे काम उंदीर-घुशींच्या जातीतील प्रयोगशाळेच्या प्राण्यांवर झाले आहे, विशेषतः न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात. गर्भार नसलेल्या मादीच्या मेंदूतील द्रवात लेप्टिन थेट सोडले, तर ती पुढचे काही तास कमी खाते. गर्भारपणाच्या मध्यावर असलेल्या मादीला तेवढेच लेप्टिन त्याच मार्गाने दिले, तर तिच्या खाण्यात फरक पडत नाही. लेप्टिन थेट मेंदूतच दिलेले असल्यामुळे "ते रक्तातून मेंदूत पोहोचले नसेल" ही शंका येथे उरत नाही. त्या मादीच्या हायपोथॅलॅमसच्या एका विशिष्ट केंद्रात लांब ग्राहीचा संदेश कमी झालेला आढळला आणि लेप्टिन मिळाल्यावर स्टॅट-३ जितका जागा व्हायला हवा तितका झाला नाही. याला गर्भारपणातील लेप्टिन-प्रतिरोध म्हणतात.

हा प्रतिरोध कोण घडवून आणते? बराचसा पुरावा प्रोलॅक्टिन या दूधनिर्मितीशी निगडित संप्रेरकाकडे आणि त्याच कुळातील, वारेतून येणाऱ्या संप्रेरकांकडे बोट दाखवतो. गर्भार नसलेल्या मादीच्या मेंदूत प्रोलॅक्टिन सतत सोडत राहिले, तरी तिच्यात तसाच प्रतिरोध निर्माण होतो.

लठ्ठपणातही लेप्टिन-प्रतिरोध असतो आणि दोहोंची नेहमी गल्लत केली जाते. लठ्ठपणातील प्रतिरोध हा बिघाड आहे. गर्भारपणातील प्रतिरोध हा तात्पुरता, नियोजित बदल आहे आणि त्यामुळे पुढच्या स्तनपानाच्या महिन्यांसाठी आई चरबीचा साठा करू शकते. दिवस गेलेल्या बाईला "तुझे हॉर्मोन बिघडलेत म्हणून तू एवढी खातेस" असे कोणी म्हणत असेल, तर ते चुकीचे आहे आणि तिच्यावर अन्याय करणारे आहे. त्याच वेळी "दोन जिवांची आहेस, दुप्पट खा" हाही सल्ला शरीरशास्त्राला धरून नाही, कारण उष्मांकांची वाढीव गरज दुपटीच्या जवळपासही जात नाही.

डोहाळे आणि सकाळची मळमळ लेप्टिनमुळे होतात का?

डोहाळ्यांचा लेप्टिनशी थेट संबंध दाखवता आलेला नाही. मळमळ आणि उलट्यांच्या बाबतीत सध्या सर्वांत भक्कम पुरावा जीडीएफ-१५ या वेगळ्याच प्रथिनाविषयी आहे. तेही वारेतून आईच्या रक्तात येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे चित्र बरेच स्पष्ट केले. डोहाळजेवणाच्या ताटात काय असावे, हे ठरवण्यासाठी लेप्टिनची मदत होणार नाही.

पाठ्यपुस्तकात उंदरिणीत लेप्टिन कितीतरी पटींनी वाढते असे लिहिले आहे. मग माणसात दोन-तीन पटच कसे?

कारण दोघींमध्ये वाढीची यंत्रणाच निराळी आहे. उंदरिणीची वार उल्लेखनीय प्रमाणात लेप्टिन बनवत नाही. ती बनवते विद्राव्य ग्राही, तोही मोठ्या प्रमाणावर. हा ग्राही रक्तातील लेप्टिनला बांधून ठेवतो आणि बांधलेले लेप्टिन मूत्रपिंडातून लवकर बाहेर पडत नाही, त्यामुळे ते साठत जाते. उपकरण एकूण लेप्टिन मोजते, म्हणून आकडा दहा पटींहून कितीतरी वर जातो. पेशींवरच्या ग्राहीला जुळायला मोकळे असलेले लेप्टिन त्या प्रमाणात वाढलेले नसते.

माणसात याच्या उलट वार स्वतः लेप्टिन बनवते आणि विद्राव्य ग्राहीची तशी प्रचंड उसळी दिसत नाही. निकाल दोन्हीकडे "लेप्टिन वाढले" असाच लिहिला जातो, पण एकीकडे उत्पादन वाढलेले असते, तर दुसरीकडे निचरा मंदावलेला असतो. विद्यार्थ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, लेप्टिनचा कोणताही आकडा वाचताना तीन गोष्टी आधी विचाराव्यात: प्राणी कोणता, लेप्टिन मोकळे की बांधलेले, आणि त्या ऊतीत ग्राहीचे कोणते रूप होते. याची उत्तरे नसतील तर तो आकडा एकटा फारसे काही सांगत नाही.

दिवस राहण्यासाठी लेप्टिन आवश्यक आहे का?

होय, पण कोणत्या टप्प्यावर, हे महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९च्या सुमारास आढळलेल्या, जन्मतः लेप्टिन नसलेल्या उंदरांच्या वाणात माद्या अतिशय लठ्ठ तर असतातच, शिवाय वांझ असतात. केवळ खाणे तोडून त्यांना बारीक केले, तरी त्यांना दिवस जात नाहीत. १९९६ साली असे दाखवण्यात आले की लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर त्या माद्या गाभण राहतात. म्हणजे वांझपणाचे कारण लठ्ठपणा नव्हते, लेप्टिनचा अभाव होते.

नंतर संशोधकांनी हीच इंजेक्शने वेगवेगळ्या दिवशी थांबवून पाहिली. रोपणाचा, म्हणजे गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजण्याचा, टप्पा पार पडल्यावर, सुमारे साडेसहाव्या दिवशी, लेप्टिन बंद केले तरी उंदरिणीचे १९-२० दिवसांचे गर्भारपण पूर्ण झाले आणि पिले जन्मली. अडचण पुढे आली: त्या मातांच्या स्तनग्रंथींची वाढ अपुरी राहिली आणि त्यांना पिले पाजता आली नाहीत. म्हणून "लेप्टिन गर्भारपणास आवश्यक आहे" असे सरसकट विधान परीक्षेत लिहू नये. बीजनिर्मिती व गर्भधारणेसाठी आवश्यक, रोपणाच्या काळात महत्त्वाचे, त्यानंतर गर्भ टिकवण्यासाठी उंदरात अनिवार्य नाही, आणि दुधासाठी पुन्हा आवश्यक, असा तो क्रम आहे.

स्त्रियांमध्येही पहिल्या टप्प्याचा पुरावा आहे. अति व्यायाम किंवा अति कमी वजनामुळे पाळी थांबलेल्या काही स्त्रियांना लेप्टिन दिल्यावर बीजनिर्मिती पुन्हा सुरू झाल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. लेप्टिन येथे मेंदूतूनच काम करते, मात्र थेट नव्हे. पाळीचे चक्र चालवणाऱ्या हायपोथॅलॅमसच्या चेतापेशींवर लेप्टिनचे ग्राही आढळत नाहीत. किसपेप्टिन व इतर मध्यस्थ चेतापेशींच्या साखळीतून संदेश त्यांच्यापर्यंत जातो.

ग्राहीच सदोष असेल तर काय होते?

याचे उदाहरण म्हणजे उंदरांचा दुसरा प्रसिद्ध वाण, ज्याच्यात लांब ग्राही नीट तयार होत नाही. त्याच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, आखूड ग्राहीही शाबूत असतात, तरीही मादी लठ्ठ, मधुमेही आणि वांझ असते. डग्लस कोलमन यांनी लेप्टिनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी या दोन वाणांचे उंदीर शस्त्रक्रियेने जोडून त्यांचा रक्तप्रवाह एक केला होता. लेप्टिन नसलेल्या उंदराने खाणे सोडले आणि तो उपाशी मेला. ग्राही नसलेल्या जोडीदारावर काहीच परिणाम झाला नाही. पहिल्यात संदेश नाही आणि दुसऱ्यात संदेश घेणारे कोणी नाही, हे त्यांनी त्यावरूनच ताडले होते. या कामासाठी कोलमन आणि फ्रीडमन यांना २०१० साली लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढे २००५ साली ग्राही नसलेल्या उंदरांत लांब ग्राही फक्त चेतापेशींत परत बसवण्यात आला, तेव्हा त्यांची जननक्षमताही परतली. बीजांड, गर्भाशय आणि वार येथील ग्राहींना काही काम आहेच, परंतु उंदरात जननक्षमतेसाठी मेंदूतील ग्राही निर्णायक आहे, असे यावरून म्हणता येते.

गर्भ रुजताना लेप्टिन काय करते?

गर्भाशयाच्या अस्तरावर लेप्टिनचे ग्राही असतात आणि रुजू पाहणारा भ्रूण स्वतःही लेप्टिन स्रवतो, म्हणजे दोघांत देवाणघेवाण होऊ शकते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी वारेच्या पेशींना लेप्टिन दिल्यास अस्तरात शिरण्यासाठी लागणारी, आजूबाजूची जाळी विरघळवणारी विकरे वाढतात. पुढच्या काळात लेप्टिन वारेतून अमिनो आम्लांची वाहतूकही वाढवते, असे वारेच्या तुकड्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. हे सर्व शरीराबाहेरचे निष्कर्ष आहेत, हे मात्र ध्यानात असावे. त्यांच्या आधारे "रोपण होत नाही म्हणून लेप्टिन घ्या" असा सल्ला देता येत नाही.

आमच्या गायी-म्हशींतही असेच होते का? व्याल्यावर लेप्टिन वाढते की उतरते?

रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे गणित वेगळे आहे. मेंढीत गाभण काळाच्या मध्यापर्यंत लेप्टिन वाढते आणि ते मुख्यतः तिच्या चरबीतून येते, वारेतून नाही. गाभण काळाच्या अखेरीस ते उतरू लागते. दुभत्या गायीत विण्याच्या सुमारास रक्तातील लेप्टिन जवळपास निम्म्यावर येते आणि दुधाचा भर असलेल्या आठवड्यांत खालीच राहते. कारण उघड आहे: दुधावाटे जितकी ऊर्जा बाहेर जाते, तितकी खुराकातून आत येत नाही, आणि गाय अंगावरची चरबी वितळवून ती तूट भरून काढते.

हे गोठ्यात डोळ्यांनी दिसते. व्याल्यानंतर महिन्या-दीड महिन्यात भरपूर दूध देणाऱ्या गायीच्या कमरेची हाडे वर येतात, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात, आणि नेमकी हीच गाय माजावर यायला उशीर लावते. लेप्टिनचे घसरणे हा या उशिराला कारणीभूत असलेल्या संदेशांपैकी एक संदेश आहे. इन्सुलिन आणि त्याच्या कुळातील इतर संप्रेरकेही त्याच दिशेने घसरलेली असतात. लेप्टिन मोजण्याची गोठ्यात काही गरज नाही. विण्यापूर्वी गाय फार लठ्ठ किंवा फार रोड नसावी आणि व्याल्यावर तिचे अंग एकदम उतरू नये, याकडे लक्ष ठेवणे हेच खरे काम आहे. विण्याआधी अति लठ्ठ झालेली गाय व्याल्यावर कमी खाते आणि अधिक झपाट्याने उतरते, म्हणून "गाभण आहे, घाला पेंड" हे धोरण अंगाशी येते. अंगाची श्रेणी कशी पाहायची, हे महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी किंवा आपल्या पशुवैद्यांकडून प्रत्यक्ष गायीवर शिकून घ्यावे. वाचून ते हाताला येत नाही.

वार अडकण्याचा लेप्टिनशी काही संबंध आहे का, असेही विचारले जाते. तो प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी पशुवैद्याला तातडीने बोलवावे.

प्रीएक्लॅम्पसियात लेप्टिन वाढते, असे ऐकले. ते आधी मोजले तर धोका टळेल का?

प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे गर्भारपणातील रक्तदाबाच्या त्या गंभीर विकारात, वारेतील लेप्टिन-जनुक अधिक चालू असते आणि आईच्या रक्तातील पातळीही बहुधा वाढलेली असते, हे खरे आहे. वारेला प्राणवायू कमी पडला की तिच्या पेशी लेप्टिन अधिक बनवतात. त्यामुळे ही वाढ बव्हंशी संकटात सापडलेल्या वारेची खूण मानली जाते. वजन, मधुमेह अशा अनेक कारणांनी लेप्टिन वर-खाली होत असल्यामुळे एकटी ही चाचणी धोका ओळखण्यास पुरेशी नाही. रक्तदाब वेळोवेळी मोजणे आणि लघवीतील प्रथिन तपासणे, हे यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी आहे. डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा व हात एकाएकी सुजणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, यांपैकी काही झाले तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

गर्भारपणातील मधुमेहाचे काय?

त्यातही आईचे लेप्टिन पुष्कळदा वाढलेले आढळते, परंतु वाढलेले वजन आणि इन्सुलिन-प्रतिरोध यांचा वाटा त्यातून वेगळा काढणे अवघड असते. निदान ग्लुकोजच्या चाचणीनेच होते.

बाळाचे वजन लेप्टिनवर अवलंबून असते का?

नाळेतील रक्तात लेप्टिन जितके अधिक, तितके बाळ साधारणपणे अधिक वजनाचे आणि अधिक चरबीचे असते. गर्भाच्या रक्तात लेप्टिन १८व्या आठवड्याच्या सुमारास सापडते आणि ३४व्या आठवड्यानंतर, बाळाच्या अंगावर चरबी भरते तेव्हा, ते एकदम वाढते. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या आणि गर्भात वाढ खुंटलेल्या बाळांत ते कमी असते, मधुमेही मातांच्या बाळांत अधिक असते, आणि मुलींत मुलांपेक्षा अधिक असते.

परंतु येथे एक अपवाद आहे आणि तो सर्व चित्र बदलून टाकतो. ज्यांच्यात लेप्टिनचे जनुकच निकामी असते, अशी बाळे १९९७पासून वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत, आणि जन्मतः त्यांचे वजन सर्वसाधारण असते. अनावर भूक आणि लठ्ठपणा जन्मानंतरच्या महिन्यांत सुरू होतो. लेप्टिनशिवाय बाळ नेहमीच्या वजनाचे होऊ शकत असेल, तर नाळेतील लेप्टिनला वजनाचे कारण न मानता बाळाच्या चरबीचे निदर्शक मानणे अधिक योग्य ठरते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की भारतीय बाळे युरोपीय बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असूनही त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून असते. कमी भरतात ते स्नायू आणि इंद्रिये. म्हणून बाळ अडीच किलोचे आहे एवढ्यावरून त्याच्या अंगावर चरबी नाही असे समजू नये, आणि परदेशातील लेप्टिनचे तक्ते येथील बाळांना जसेच्या तसे लावू नयेत.

मी गर्भारपणात लेप्टिनची तपासणी करून घ्यावी का?

नाही. नेहमीच्या प्रसूतिपूर्व तपासण्यांत तिला स्थान नाही. लेप्टिन दिवसभरात बदलते, रात्री वर जाते, उपवासाने उतरते, आणि गर्भारपणाच्या प्रत्येक आठवड्यासाठी सर्वमान्य मर्यादा ठरलेल्या नाहीत. निकाल हाती आला तरी त्यावरून डॉक्टर उपचार बदलणार नाहीत. तोच पैसा हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडच्या तपासणीवर खर्च झालेला बरा.

बाजारात "लेप्टिन" नावाच्या कॅप्सूल मिळतात. त्या घेऊ का?

घेऊ नका. लेप्टिन प्रथिन आहे. तोंडाने घेतल्यास मोठ्या माणसाच्या पोटात ते इतर प्रथिनांसारखे पचून जाईल. म्हणून औषध म्हणून वापरले जाणारे लेप्टिनचे रूप इंजेक्शनानेच देतात. अमेरिकेत २०१४ साली ते मंजूर झाले, तेही शरीरात चरबीच नसलेल्या दुर्मिळ विकारासाठी. कॅप्सूलमध्ये बहुधा वनस्पतींचे अर्क असतात आणि गर्भारपणात त्यांच्या सुरक्षिततेची खात्री नसते.

मला पीसीओएस आहे. दिवस राहत नाहीत, त्याचे कारण लेप्टिन-प्रतिरोध आहे का?

पीसीओएस, म्हणजे पाळी व बीजनिर्मिती अनियमित करणारा विकार, असलेल्या स्त्रियांत लेप्टिन जास्त आढळते, पण समान वजनाच्या इतर स्त्रियांशी तुलना केली की हा फरक बराचसा मावळतो. म्हणजे ते प्रामुख्याने वजनाचे प्रतिबिंब आहे. वजन थोडे कमी झाल्यावर अनेकींची बीजनिर्मिती सुधारते, म्हणून प्रयत्न त्या दिशेने करावेत. मात्र त्याचे श्रेय एकट्या लेप्टिनला देता येणार नाही.

द्राक्षगर्भात लेप्टिन फार वाढते, असे एका मैत्रिणीच्या बाबतीत सांगितले गेले. ते कसे?

द्राक्षगर्भात बाळाची वाढ नसते, वारेची ऊती मात्र बेसुमार वाढते. लेप्टिन वारेतच बनत असल्यामुळे बाळ नसतानाही आईच्या रक्तात ते वाढते आणि ती ऊती काढून टाकल्यावर उतरते. १९९७ साली वार लेप्टिन बनवते हे सिद्ध करताना जपानी संशोधकांनी याच रुग्णांचा आधार घेतला होता. उपचारानंतरची देखरेख मात्र लेप्टिनवर नव्हे, एचसीजी या संप्रेरकाच्या पातळीवर ठेवली जाते. ते वेळापत्रक मैत्रिणीने चुकवू नये.

वजन जास्त असेल तर कळा मंद येतात. त्याचा लेप्टिनशी संबंध आहे का?

सिझेरियनच्या वेळी घेतलेल्या गर्भाशयाच्या स्नायूच्या पट्ट्यांवर प्रयोगशाळेत लेप्टिन टाकले असता त्यांचे आकुंचन कमी झाल्याचे आढळले आहे. लठ्ठ स्त्रियांची प्रसूती लांबण्यामागे हे एक कारण असू शकेल, इतकेच त्यावरून म्हणता येते.

आईच्या दुधात लेप्टिन असते का, आणि बाळाला त्याचा उपयोग होतो का?

असते, आणि डब्यातील दुधाच्या पावडरीत ते नसते. नवजात बाळाचे पोट मोठ्यांसारखे आम्लधर्मी झालेले नसते, त्यामुळे दुधातील लेप्टिनचा काही अंश न पचता शोषला जाऊ शकतो. पिलांवरील प्रयोगांत हे दिसले आहे. कॅप्सूलविषयी जे वर लिहिले ते म्हणूनच तान्ह्या बाळाच्या दुधाला लागू पडत नाही. स्पेनमधील एका अभ्यासात, लठ्ठ नसलेल्या मातांच्या दुधात लेप्टिन अधिक असेल तर त्यांच्या मुलांचा दोन वर्षांपर्यंतचा वजन-उंची निर्देशांक कमी राहतो, असा कल आढळला.

उंदराच्या पिलांत जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत लेप्टिनची एक स्वतंत्र लाट येते. तेव्हा ते भूक आवरत नाही. हायपोथॅलॅमसमधील भूक-केंद्रांना जोडणारे तंतू वाढवण्याचे काम करते. ही लाट नसलेल्या पिलांत ते तंतू विरळ राहतात आणि त्याच वयात लेप्टिन दिले तर भरून येतात. मोठेपणी दिले तर तितका उपयोग होत नाही. उंदरात जे मेंदूचे बांधकाम जन्मानंतर होते, त्याचा मोठा भाग माणसात गर्भातच उरकलेला असतो. त्यामुळे माणसाच्या बाबतीत हाच काळ गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत, म्हणजे बाळाचे स्वतःचे लेप्टिन वाढते त्या आठवड्यांत शोधावा लागतो.